दमलेल्या डोक्याचा अभ्यास: पहाटेचा की रात्रीचा?

नोकरी सांभाळून स्पर्धा परीक्षा देणाऱ्याला सल्ला द्यायला साताऱ्यात कुणीही तयार असतं, आणि सल्ला बहुतेक एकच असतो: पहाटे ऊठ. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली इथेच सुरू झालं, भरतीची पोरं अंधारात रस्त्यावर पळत असतात, हौशी मंडळी उजाडायच्या आत अजिंक्यताऱ्याच्या चढाला लागलेली असतात. अशा गावात 'मी रात्री अभ्यास करतो' म्हटलं की समोरचा नुसतं 'बरं' म्हणतो. पण त्या 'बरं'मध्ये आपला निकाल लागलेला असतो.

मी दोन्ही करून पाहिलंय. शिरवळच्या एका कंपनीत जनरल शिफ्ट, बस सकाळी पावणेसातला, घरी परतायला संध्याकाळचे सात. ज्यांचा दिवस साधारण असाच जातो त्यांच्यासाठी हे लिहितोय. दिवसभर अभ्यासिकेत बसता येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना थकवा येत नाही असं नाही, पण त्यांच्यापाशी निवडायला वेळ तरी असतो.

पहाटेची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. फोन गप्प असतो. डोक्यात ऑफिसची कटकट अजून शिरलेली नसते. पूर्वपरीक्षेतल्या सीसॅटच्या पेपरमधली गणितं आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न पहाटे जसे सुटतात तसे रात्री सुटत नाहीत, निदान माझ्याकडून तरी नाही. काळ-काम-वेगाच्या एका गणिताशी मी रात्री अर्धा अर्धा तास झटलोय आणि रविवारी सकाळी तेच गणित चहा संपायच्या आत सुटलंय. तेव्हा ज्याचं घोडं गणितापाशी अडतं, त्याने माझं फार ऐकू नये.

अडचण अशी, की चारला उठायचं तर नऊला पाठ टेकायला हवी. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते, त्यात सवलत मिळत नाही. आमच्याकडे नऊला ताटं वाढली जातात. साडेदहाला आडवं होऊन चारला उठायचं म्हणजे झोपेचेच दीड तास उचलून अभ्यासाच्या खात्यावर टाकायचे. त्यात चार-साडेचारच्या सुमाराला शरीराचं तापमान चोवीस तासांत सर्वांत खाली आलेलं असतं. जाग आली तरी डोकं लगेच जागं होत नाही. पंधरा मिनिटं ते अर्धा तास जडपणा राहतो, झोप अपुरी झाली असेल तर त्याहून जास्त. मी सव्वाचारला पुस्तक उघडायचो, वाचायला लागायचो पावणेपाचला. मधल्या वेळात काय करायचो ते सांगण्यासारखं नाही. डिसेंबरातल्या साताऱ्याच्या थंडीत तर पांघरूण अंगावर घेऊनच बसावं लागतं, आणि पांघरुणात बसून अभ्यास करणाऱ्याचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

तरी हे सगळं मी निभावून नेलं असतं. पहाट सुटली ती 'उठलाच आहेस तर' या तीन शब्दांमुळे.

आमच्या बाजूला नळ पहाटे सुटतो. इतकी वर्षं आईच उठून पाणी भरायची. मी चारला उठायला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात आतून आवाज आला, "उठलाच आहेस तर तेवढी मोटर लाव रे." लावली. पण मोटर लावली की टाकी भरेपर्यंत एक कान तिकडे ठेवावा लागतो, नाहीतर गच्चीवरून पाणी थेट शेजाऱ्यांच्या अंगणात. मग "उठलाच आहेस तर दूध आत घे." अण्णांना पुण्याला जायचं असलं की "उठलाच आहेस तर स्टँडवर सोडतोस का?" यातलं एकही काम मोठं नाही, आणि सांगणाऱ्याचं काही चुकतंय असंही नाही. जागा असलेला माणूस घरात रिकामाच दिसतो. पुस्तक हातात असलं तरी दिसतो. आईला 'नको सांगूस' म्हणण्याइतकं तोंड मला नव्हतं, अजूनही नाही.

वेळ जायचा त्यापेक्षा वाट बघण्याचा त्रास जास्त होता. पुढची हाक कधी येते याकडे अर्धं मन लागलेलं असायचं. राज्यघटनेतल्या आणीबाणीच्या तरतुदी मी त्या काळात वाचत होतो. कलम ३५२ ला मोटर, ३५६ ला दूध. ३६० पर्यंत मी फारसा पोचलोच नाही.

रात्रीचं उलटं आहे. दहानंतर पुस्तक घेऊन बसलेल्याला कुणी काम सांगत नाही. टीव्हीचा आवाज आपोआप खाली येतो, "किती जागतोस" म्हणत कुणीतरी दुधाचा पेला आणून ठेवतं. माणूस तोच, खुर्ची तीच, पण पहाटे जो मोकळा सापडतो तोच रात्री कष्टाळू ठरतो. यामागे काय आहे मला सांगता येणार नाही, पण ज्यांची घरं दोन-तीन खोल्यांची आहेत त्यांनी याचा विचार जरूर करावा.

अर्थात रात्री खरी लढाई झोपेशी असते. दिवसभर उभं राहून, बसचे धक्के खाऊन आलेला माणूस जेवणानंतर इतिहासाचं पुस्तक वाचायला बसला तर दुसऱ्या परिच्छेदात जातो. इथे मला दोन गोष्टींचा उपयोग झाला.

पहिली म्हणजे बसमधली झोप. घरी आल्यावर झोपायची सोय नाही, तिन्हीसांजेला आडवं झालेलं आमच्याकडे चालत नाही. म्हणून खंबाटकीचा घाट चढेपर्यंत गप्पा, भुईंज आलं की डोळे बंद आणि वाढे फाट्याला उघडायचे. वीस-पंचवीस मिनिटं होतात, आणि तेवढीच हवीत. त्याहून लांबली की गाढ झोप लागते आणि उठल्यावर माणूस आधीपेक्षा जड होतो. ज्यांची बस नाही त्यांनी सुट्टी झाल्यावर कंपनीतच खुर्चीत डोळे मिटले तरी चालेल असं वाटतं. मोटरसायकलवरून येणाऱ्यांनी मात्र दमलेले असताना निघण्याची घाई करू नये. संध्याकाळचा हायवे तसाही बरा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रात्री वाचायचंच नाही, लिहायचं. वाचताना डोळा लागतो. लिहिताना फार तर अक्षर घसरतं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यामुळे उत्तरं लिहिण्याचा सराव करावाच लागतो, तो मी रात्रीवर टाकला. नवा धडा बसमध्ये सकाळी जाताना वाचायचा आणि रात्री पुस्तक मिटून आठवेल तेवढं कागदावर उतरवायचं. सुरुवातीला कागद कोराच राहतो, त्याला घाबरू नये. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. दमलेला माणूस नेमका पहिल्या प्रकाराकडे वळतो. पिवळ्या रेघा मारलेली पानं पुन्हा डोळ्यांखालून घालतो, सगळं ओळखीचं वाटतं आणि अभ्यास झाल्यासारखं समाधान मिळतं.

रात्रीच्या बाजूने आणखी एक मुद्दा. १९२४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरं पाठ करून घेतली. पाठ करून झोपल्यावर त्यांच्या जितकं लक्षात राहिलं, तितकं तेवढाच वेळ जागं राहिल्यावर राहिलं नाही. दोन पोरांवरच्या प्रयोगावरून फार उड्या मारू नयेत हे मान्य. पण झोपेचा आणि स्मरणाचा संबंध आहे हे नंतरच्या कितीतरी संशोधनातून पुढे आलंय, आणि रात्री अकराला वही मिटून सरळ अंथरुणावर जाणाऱ्याला याचा फायदा मिळत असावा असं मला वाटतं. योगायोग असा की त्याच १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. हाताने कष्ट करायचे आणि शिकायचं ही तिथली रीत. ती पोरं कधी वाचत बसायची कोण जाणे, पण दमल्यावरच बसत असणार.

चहाचं एक सांगायलाच हवं. रात्री दहाचा कडक चहा मी बंद केला. चहातल्या कॅफीनचा निम्मा भाग अंगातून जायला पाचेक तास लागतात, म्हणजे दहाचा चहा पहाटे तीनपर्यंत निम्मा शिल्लक. अभ्यास त्यावर होतो, पण वही मिटल्यावर डोळा लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई कंपनीत करावी लागते. माझा शेवटचा कप आता पाचच्या सुट्टीआधीचा. मोबाइलबद्दल सगळे सांगतातच, मी वेगळं काय सांगणार.

पहाट कुणाला सोयीची? ज्याला स्वतंत्र खोली आहे, ज्याला साडेनऊला आपोआप पेंग येते. आणि माझ्या वहिनीसारख्यांना. ती टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची तयारी करते, लहान मूल आहे, रात्री भांडी आवरून ती उभ्या उभ्या झोपलेली असते. 'उठलीच आहेस तर' तिला माझ्यापेक्षा किती तरी जास्त ऐकावं लागतं. त्यावर तिचा उपाय म्हणजे उठल्याबरोबर कुकर लावून टाकायचा आणि मग दार ओढून बसायचं. तिला मी रात्रीचा सल्ला दिलेला नाही, देण्याची हिंमतही नाही.

बाकी, नुकतीच नोकरी लागलेला आणि एकत्र घरात राहणारा कुणी विचारत असेल तर मी आधी रात्र करून बघ म्हणेन. महिनाभर द्यावा. तेवढ्यात दिवसा डुलक्या यायला लागल्या तर हे आपलं नव्हे असं समजून पहाटेकडे वळायला हरकत नाही, फक्त घरच्यांशी पाण्याचं आधी ठरवून घ्यावं. आणि रात्र निवडली तरी परीक्षा दिवसाउजेडी असते, हे विसरू नये. शेवटच्या पंधरवड्यात जुन्या प्रश्नपत्रिका दिवसाच सोडवाव्या लागतात. त्यासाठी रजा शिल्लक ठेवा. कासला फुलं येतात त्या दिवसांत पाहुणे येतात आणि रजा तिथेच संपतात, तेवढं जपा.