फायफॉक्स: विज्ञानाच्या तासाला वर्षभर फोन वापरून पाहिला, त्याचा अनुभव

गेल्या जूनपासून नववी-दहावीला विज्ञान शिकवताना मी फायफॉक्स वापरतेय. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात तयार झालेलं हे ॲप २०१६ मध्ये आलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. फोनमध्ये मुळातच असलेल्या सेन्सरचे, म्हणजे माईक, प्रकाश, प्रवेग वगैरेंचे आकडे ते थेट आलेखात दाखवतं. आमची शाळा गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, आणि मुलांना फोन आणायला बंदी. त्यामुळे खालचं सगळं माझा एक फोन, सहकाऱ्याकडून मागून आणलेला दुसरा आणि एक प्रोजेक्टर एवढ्यावर केलेलं आहे. खरं सांगायचं तर तेच बरं. प्रत्येकाच्या हातात फोन असता तर वर्ग केव्हाच रीळ बघत बसला असता.

फुकटच्या ॲपला पैसे वसूल म्हणणं विनोदी आहे, पण ‘अकूस्टिक स्टॉपवॉच’साठी, म्हणजे आवाजाने सुरू आणि बंद होणाऱ्या घड्याळासाठी, मी म्हणेन. दोन फोन पाच मीटर अंतरावर ठेवायचे. पहिल्या फोनपाशी एकाने टाळी वाजवायची. दोन्ही घड्याळं सुरू होतात, पण दुसरं किंचित उशिरा, कारण आवाजाला तिथवर पोचायला वेळ लागतो. मग दुसऱ्या फोनपाशी टाळी. आता ते आधी थांबतं आणि पहिलं नंतर. दोन घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला जाऊन-येऊन दहा मीटर कापायला लागलेला वेळ. आमच्याकडे तो ०.०२९ सेकंद आला. भागाकार मुलांनी केला: ३४५ मीटर प्रति सेकंद. पुस्तकात २२ अंशांना ३४४ दिलंय, म्हणून वर्ग खूश. पण भिंतीवरचा तापमापक तीस दाखवत होता, आणि तीस अंशांना वेग ३४९ च्या आसपास हवा. “टीचर, मग चुकलं कोण?” इथून खरा तास सुरू झाला. ०.०२९ च्या जागी ०.०२८ धरा, उत्तर ३५७. ०.०३० धरा, ३३३. एक हजारांश सेकंद इकडेतिकडे झाला की एवढा फरक पडतो, हे फळ्यावर मांडल्यावर मागच्या बाकावरून एकीने स्वतःच सुचवलं, अंतर वाढवूया. मग आम्ही व्हरांड्यात गेलो. मोजमापातली अनिश्चितता हा विषय मी एरवी दोन वाक्यांत उरकायचे.

जुलैत मात्र हा प्रयोग करू नका. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की घड्याळ टाळीची वाट बघतच नाही. आवाजाची मर्यादा वाढवता येते, पण आमच्या पावसापुढे ती वाढवून वाढवून किती वाढवणार?

चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात एक मुलगा घरचं घुमट, म्हणजे आरतीला वाजवतात ते मातीच्या मडक्याचं वाद्य, घेऊन आला. पूर्वी याला घोरपडीचं कातडं लावत. आता घोरपड संरक्षित असल्याने बकऱ्याचं लावतात. आवाजात कोणकोणत्या वारंवारता आहेत ते शिखरांनी दाखवणारा ‘ऑडिओ स्पेक्ट्रम’ उघडून त्याला थाप मारायला सांगितली. डाव्या हाताने मडक्याचं मागचं तोंड झाकत-उघडत वाजवलं की पडद्यावरच्या शिखरांची मांडणी बदलते. ट्यूनिंग फोर्कचं मात्र एकच सुबक शिखर. नाद आणि शुद्ध स्वर यांतला फरक सांगायला मला त्या दिवशी शब्दच लागले नाहीत. आरती बसवलेली पोरं त्या तासाला वर्गातली तज्ज्ञ होती, आणि त्यातली दोघं एरवी तोंड उघडत नाहीत.

चेंडूच्या उसळीचा प्रयोगही चांगला. ॲप टप्प्यांचे आवाज ऐकतं, त्यांमधला वेळ मोजतं आणि त्यावरून उंची काढतं. दोन टप्प्यांत ०.६ सेकंद गेले तर मधे चेंडू ४४ सेंटीमीटर वर गेला. फक्त आकडा पडद्यावर यायच्या आधी प्रत्येकाकडून अंदाज वहीत लिहून घ्या. हे मी आता सगळ्याच प्रयोगांना करते. अंदाज न घेता दाखवलेला आलेख मुलं टीव्हीसारखा बघतात आणि विसरतात.

चुंबकाचा प्रयोग मला जमेस धरण्यासारखा वाटला नाही. फोनजवळ चुंबक नेला, आकडा वाढला, पुढे काय? शिवाय स्टीलच्या टेबलावर आकडे भलतेच येतात. साधी होकायंत्राची सुई जास्त शिकवते.

सर्वांत उपयोगी सोय म्हणजे ‘रिमोट ॲक्सेस’. फोनचा हॉटस्पॉट लावायचा, ॲपने दिलेला पत्ता लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाकायचा, की आलेख प्रोजेक्टरवर. इंटरनेट लागतच नाही. पावसाळ्यात आमच्याकडे नेट असून नसल्यासारखं, त्यामुळे हे फारच सोयीचं पडलं.

तक्रार आहे ती ॲपपेक्षा फोनांबद्दल. लोलकाचा तयार प्रयोग जायरोस्कोपवर, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर, चालतो आणि माझ्या स्वस्त फोनात तो नाही. शेवटी फोन टेबलावर ठेवून, काही जवळ आलं की चालणारं ‘प्रॉक्सिमिटी स्टॉपवॉच’ लावलं आणि त्याच्यावरून लोलक झुलवला. एक मीटर दोरीला दोन सेकंदांचा आवर्तकाल मिळाला, पण जुळवाजुळवीत अर्धा तास गेला. शाळेसाठी फोन घेणार असाल तर दुकानातच फायफॉक्स टाकून यादी खालपर्यंत बघा. ज्या प्रयोगांचे सेन्सर त्या फोनात नाहीत ती नावं करडी दिसतात. लोलक करडा दिसला तर दुसरा फोन दाखवायला सांगा.