कॉब घ्यावा की बॅगेत मावणारा लाइट?

व्हिडिओसाठी पहिला एलईडी लाइट घेताना लोक आधी वॅट बघतात. मी आधी दोन गोष्टी विचारतो: शूटच्या जागी प्लग आहे का, आणि उजेडाची खिडकी फ्रेममध्ये येणार का? निम्मा निर्णय तिथेच होतो.

एका बाजूला कॉब लाइट आहेत, म्हणजे एकाच ठिकाणी दाटीने बसवलेल्या एलईडींचे मोठे, जोरदार लाइट, गोडॉक्स एसएल ६०, अमरान २०० एक्स या जातीचे. पुढे बोवेन्स माउंट नावाची सर्रास चालणारी जोडणी असल्यामुळे त्यांना हवा तो सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी कापडी पेटी, लागतो. दुसऱ्या बाजूला हातात धरायच्या एलईडी ट्यूब, एनपी-एफ या छोट्या कॅमेरा-बॅटरीवर चालणारी चपटी पॅनेल आणि खिशात मावणारा ५ वॅटचा अ‍ॅप्युचर एमसी.

खोक्यावरच्या लक्सच्या, म्हणजे किती उजेड पडतो त्याच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. तो बहुधा १ मीटरवर मोजलेला असतो, आणि कॉबचा तर अनेकदा रिफ्लेक्टर लावून. मुलाखतीला लाइट २ मीटरवर नेला की उजेड चौथाई होतो. रिफ्लेक्टर काढून दुहेरी कापडाचा सॉफ्टबॉक्स चढवला की उरलेल्यातलाही अर्ध्याहून जास्त जातो. छोट्या पॅनेलचा जीव इथेच संपतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता चढवावी लागते, चेहऱ्यावर दाणे दिसतात आणि मागची खिडकी पांढरीफेक होते. कॉबला एवढं सोसून पुढे जाता येतं. खिडकी फ्रेममध्येच असेल तर २०० वॅटच्या आसपासचा हवा. घरच्या साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर तो आरामात चालतो, पूर्वीच्या हजार वॅटच्या हॅलोजनसारखी फ्यूजची धाकधूक नाही.

कॉबचा त्रास म्हणजे पंखा. लहान खोलीत कॉलर माइकवर त्याची घरघर येते. शिवाय स्टँड, सॉफ्टबॉक्स, वाळूची पिशवी असा सगळा संसार जिने चढवावा लागतो. गच्चीवर वारा सुटला की सॉफ्टबॉक्सचं शीड होतं, एक माणूस स्टँड धरूनच उभा.

वरात, हळद, गाडीतलं शूट इथे ट्यूबला तोड नाही. लग्नातली ती सनगन, म्हणजे व्हिडिओवाल्याचा हातातला प्रखर दिवा आठवा: नवरीचे डोळे मिटलेले आणि मागे वायर सांभाळणारा पोऱ्या. ट्यूब हातात धरून चालता येतं आणि रंगही बदलता येतो. पण स्वस्त लाइटची एक खोड आहे. ब्राइटनेस कमी केला की काही लाइट फ्लिकर करतात, आणि स्लो मोशनमध्ये ते हमखास पकडलं जातं.

विमानाने जाणाऱ्यांनी बॅटरीचे वॉट-अवर, म्हणजे तिची क्षमता बघावी. १०० पर्यंतची बॅटरी केबिन बॅगेत नेता येते, सुटी बॅटरी चेक-इनमध्ये अजिबात नाही. व्ही-माउंट, म्हणजे लाइट-कॅमेऱ्याला लावायच्या मोठ्या बॅटऱ्या, ९८-९९ वॉट-अवरच्या मिळतात त्या म्हणूनच. तेवढ्यात ६० वॅटचा लाइट फुल्लवर दीड तास चालतो.

घरात मुलाखती किंवा रेसिपी करत असाल तर ६० ते १०० वॅटचा डेलाइट, म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड देणारा कॉब घ्या. पिवळ्या बल्बशी जुळवायचं असेल तरच बायकलर, म्हणजे पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत बदलता येणारा. त्याच वॅटला तो बहुधा थोडा मंद पडतो. लग्नाचं काम असेल तर आधी दोन ट्यूब घ्या, कॉब भाड्याने आणा. मधलाही रस्ता आहे: अमरान ६० डी हा कॉब एनपी-एफ बॅटऱ्यांवर चालतो. आणि पैसे मोजण्याआधी एक दिवस भाड्याने आणून आपल्याच खोलीत लावा, पंखा मात्र माइक चालू करून, हेडफोन घालून ऐका.