सेंद्रिय भाजीपाला: दरवेळी रोटर, की रान न उलटता लागवड?

बेळगाव तालुक्यात, कडोली-उचगावकडं, कोबी निघाला की रान लगेच रोटरखाली, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फिरत्या पात्यांच्या अवजाराखाली, जातं. तण गाडलं जातं आणि गाजर-मेथीचं बारीक बी एकसारखं उगवतं. तणनाशक न वापरणाऱ्यासाठी मशागत हाच तणावरचा मोठा उपाय, म्हणून ती सोडायला मन धजत नाही.

पण तांबड्या मातीचं पीठ केलं की वळवाच्या पहिल्या सरीनंतर वर पापडी धरते. बोटानं ती उचलून बघा, खाली बीन्सचे कोंब मान मोडून पडलेले दिसतात. आणखी पाच-सहा इंच उकरलं की पात्यांनी चोपलेला कडक थर लागतो. पाणी तिथंच तुंबतं, मुळं आडवी वळतात. शिवाय दर खेपेला माती उलटल्यानं हवा खेळते आणि जिवाणू मातीतला सेंद्रिय कर्ब भराभर खाऊन टाकतात. गाड्यांनी शेणखत घालूनही जमीन हलकी ती हलकीच, याचं हे एक मोठं कारण.

दुसऱ्या पद्धतीत गादीवाफे, म्हणजे उंच केलेले वाफे, कायमचे. ताग पेरायचा, 45-50 दिवसांनी फुलोऱ्यात आला की कापून तिथंच आडवा पाडायचा आणि त्यातच कोबी, मिरची, वांग्याची रोपं लावायची. चैत्रात हे आच्छादन हातानं बाजूला सारलं की खाली माती गार लागते, गांडुळांच्या गोळ्या दिसतात. मला ही पद्धत मनापासून पटते ती यासाठी. भाताचं पिंजर वापरलं तर वरच राहू द्या. मातीत मिसळलं तर कुजताना नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. पावसाळ्यात गोगलगायींवर लक्ष हवं.

जिथं लव्हाळा किंवा हराळी मुरलीय, तिथं मात्र नुसत्या आच्छादनावर विसंबू नका. दोन्ही त्यातून वर येतात. रोटरनंही हराळीचे तुकडे होऊन ती रानभर पसरते, तेव्हा असं रान आधी खणून, वेचून काढा. बटाटा-रताळ्याला माती हलवावीच लागते. येळ्ळूरकडच्या काळ्या रानातही भाताच्या चिखलणीनं बसलेली माती एकदा फोडावी लागते, पण वाफसा, म्हणजे माती ना चिकट ओली ना कोरडी, बघूनच.

सुरुवात करायची तर तांबड्या रानातल्या, तण कमी असलेल्या चार-पाच गुंठ्यांत, रोपांच्या पिकावर करा. पहिली एक-दोन वर्षं भांगलणीला माणसं जास्त लागतील. तो खर्च आधीच धरून चला.