डेबियन १३: सात महिने वापरून झाले, आता लिहितो

डेबियन म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची लिनक्स सिस्टीम. मला अजिबात दिसत नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी स्क्रीनशॉट मागायला नको. लॅपटॉप जुना, सहाव्या जनरेशनचा आय३, त्याला विंडोज ११ चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका दुकानात विचारलं तर पोरगं म्हणतंय, "काका, नवाच घ्या की." त्याच दुकानात मागं एकदा फॉरमॅट करून घेतलेलं. तेव्हा एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, गेलं ते गेलंच, पण साउंडचा ड्रायव्हरसुद्धा टाकला नव्हता, मग विंडोजचा स्वतःचा वाचक नॅरेटर तरी कशातनं बोलणार? मुकं मशीन घेऊन केएमटीच्या बसनं घरी आलो होतो. म्हटलं ह्या वेळी आपलं आपणच करायचं.

डेबियन घेतलं कारण त्याचा इन्स्टॉलर सुरुवातीपासनं बोलतो. पेनड्राइव्हवरनं बूट झालं की मेनू आल्याचा बीप वाजतो, मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम जुना बायॉस असला तर एक आणि नवा यूईएफआय असला तर दोन. बीप ऐकला की एस दाबायचं, एंटर मारायचा, की थोड्या वेळात ईस्पीक नावाच्या बोलणाऱ्या प्रोग्रामचा तो रोबोटी आवाज येतो. पण बीपपर्यंत पोचायचं कसं, खरी मेख तिथं आहे. बायॉस बोलत नाही, एफ१२ दाबल्यावर येणाऱ्या यादीत पेनड्राइव्ह कितव्या नंबरला आहे हे कोण सांगणार? भाच्याला व्हिडिओ कॉल लावला, त्यानं सांगितलं "मामा, खाली दोनदा", आणि दोन मिनिटांत त्याचं काम संपलं. ते दोनदा मी पाठ करून ठेवलंय.

पहिल्या खेपेला मात्र माती खाल्ली. साउंड कार्ड एकापेक्षा जास्त असली की इन्स्टॉलर एकेका कार्डावर बोलून बघतो, आणि ज्यावर आवाज ऐकू येईल त्या वेळी आपण एंटर दाबायचा. माझ्याकडं एक एचडीएमआयचं आणि एक स्पीकरचं. बराच वेळ शांतता म्हणून मी अडकलं समजून घाईत एंटर मारला, म्हणजे मुक्या कार्डालाच हो म्हणून बसलो, आणि मग तासभर कोराच कारभार. बंद करून परत सुरू केलं, हात मांडीखाली घालून बसलो, तेव्हा बोललं.

पुढं सोपं आहे. प्रत्येक प्रश्नाला पर्यायांचे नंबर वाचून दाखवतो, आपण नंबर टाइप करून एंटर मारायचा. आवाज फार हळू वाटला तर कॅप्सलॉक आणि ६, उलट करायचं तर ५. रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचा, पासवर्ड रिकामा ठेवला की आपल्यालाच सुडो, म्हणजे त्या खात्याचे अधिकार वापरायची सोय, मिळते, मी तेच केलं. पार्टिशनला, म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या वेळी, मात्र छाती धडधडायला लागली, कारण सगळी डिस्क पुसायचा पर्याय घेतलेला. डेटा एक्स्टर्नलवर काढून ठेवला होता, तरी तीनदा ऐकलं. बदल डिस्कवर लिहू का विचारतो तेव्हा आधीपासनं उत्तर नाही असतं, त्यामुळं नुसता एंटर मारला तर काही बिघडत नाही, हे ज्यानं ठेवलं त्याला एक प्लेट मिसळ माझ्याकडनं. डेस्कटॉप माटे (MATE) नावाचा घेतला. आवाजावर इन्स्टॉल केलं की नवीन सिस्टीमपण ऑर्का, म्हणजे लिनक्सवरचा स्क्रीन वाचणारा प्रोग्राम, चालू करूनच उठते, लॉगिनला कुणाला हाक मारावी लागली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, खरं सांगतो.

सात महिन्यांत काय? फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, मेल सगळं चालतंय, जुन्या मशीनचा फॅनपण गप्प असतो. ऑर्का मधनंच गप्प बसतो, आठवड्यातनं एखादा वेळ तरी, मग ऑल्ट एफ२ दाबून ऑर्का, स्पेस, दोन डॅश, रिप्लेस असं टाकायचं. एनव्हीडीएची ॲडऑन आठवतात. मराठी ईस्पीकमध्ये आहे, पण दोन पानांपेक्षा जास्त ऐकवत नाही, मोठं काही असलं की मोबाइलवर ऐकतो. आणि श्रीलिपी ह्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टातल्या जुन्या फाइली इथंही कचराच वाचतात, तो दोष फॉन्टचा, डेबियनचा नाही.

मागच्या महिन्यात मंगळवार पेठेतला मित्र, त्यालाही दिसत नाही, म्हणाला माझ्यावरपण टाक. त्याच्या मशीनला एफ१२ चालेना, एफ९ निघालं, आणि खाली दोनदा नव्हे तीनदा. दोघं मिळून अंदाजानं दाबत बसलो, भाच्याला फोन लावला नाही. सहाव्या की सातव्या खेपेला बीप आला, दोन.