रिचमंडमधील विखुरलेली युद्धकालीन स्थळे आणि मोबाइलवरील मार्गदर्शक: काही महिन्यांच्या वापरानंतर

कॅलिफोर्नियातील रिचमंड येथील ‘रोझी द रिव्हेटर’ (युद्धकाळात कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांचे प्रतीक) राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाला कुंपण नाही, फाटक नाही आणि तिकीटखिडकीही नाही. दुसऱ्या महायुद्धात देशातच राहून जहाजे बांधणाऱ्या कामगारांच्या स्मृतीसाठी २००० साली स्थापन झालेल्या या उद्यानाची स्थळे शहरभर पसरलेली आहेत आणि त्यांतील बरीचशी नगरपालिकेच्या किंवा खाजगी मालकीची आहेत. भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना ती दाखवताना मी गेले काही महिने एक मोफत मार्गदर्शक अ‍ॅप वापरत आहे.

त्याची खरी ताकद मरीना बे येथील स्मारकाजवळ कळते. आज तिथे घरे आणि शिडाच्या होड्या दिसतात. उद्योगपती हेन्री कैझर यांच्या चार गोद्यांपैकी दुसरी गोदी इथेच होती, याची सहजासहजी कल्पना येत नाही. स्मारकाची पायवाट ४४१ फूट, म्हणजे ‘लिबर्टी’ या युद्धकालीन मालवाहू जहाजाएवढी लांब आहे, हे अ‍ॅप चालायला सुरुवात करण्यापूर्वीच सांगते, आणि त्यामुळे जहाजाचा आकार पावलांनी मोजला जातो. नोव्हेंबर १९४२ मध्ये याच गोदीत ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे जहाज पाच दिवसांच्या आत बांधून पाण्यात सोडले गेले आणि युद्धकाळात चारही गोद्यांतून ७४७ जहाजे बाहेर पडली, हे ऐकल्यावर ज्येष्ठ पाहुणेही वेग आणखी कमी करून नीट पाहू लागतात. माहिती आधी उतरवून ठेवता येते आणि ती वाचूनही दाखवली जाते, ही सोय त्यांना विशेष आवडली.

नकाशा मात्र फसवा आहे. अ‍ॅचिसन व्हिलेज ही १९४१ सालची कामगार वसाहत असून तिथे आजही लोक राहतात. जुने कैझर रुग्णालयही रस्त्यावरूनच पाहावे लागते. तरीही अ‍ॅपमध्ये या ठिकाणांना संग्रहालयासारखीच खूण आहे. गुडघेदुखी असलेल्या माणसाला बंद दारापर्यंत चालवत नेल्यावर इतिहासात रस उरत नाही. अंतरेही सरळ रेषेत मोजलेली आहेत. जुन्या फोर्ड कारखान्यावरून तिसऱ्या गोदीतील ‘रेड ओक व्हिक्टरी’ जहाज जवळच भासते, पण मध्ये बंदराचे पाणी असल्याने मोटारीने बराच वळसा घ्यावा लागतो. जहाज सर्व दिवस खुले नसते आणि अ‍ॅपमधील वेळा जुन्या निघाल्या, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. ते दारूगोळा वाहणारे जहाज होते, हे कळताच मुंबईकर पाहुण्यांना १९४४ चा गोदीतील स्फोट हमखास आठवतो.

मजकुराबाबत माझी एकच गंभीर तक्रार आहे. कृष्णवर्णीय कामगारांना बॉयलरमेकर्स या कामगार संघटनेत वेगळ्या दुय्यम शाखेत ठेवले जात होते, ही बाब ‘अधिक वाचा’ या कळीमागे दडवली आहे. अशाच शाखेत कारकून असलेल्या बेटी रीड सॉस्किन पुढे याच उद्यानात रेंजर झाल्या आणि २०२२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांची कहाणी पहिल्याच पानावर असायला हवी होती.

सध्या मी फोर्ड कारखान्याशेजारच्या ऑइल हाउसमधील अभ्यागत केंद्रापासूनच सुरुवात करतो, त्या दिवशी काय खुले आहे ते तिथल्या रेंजरना विचारतो आणि अ‍ॅप उघडतो ते स्मारकावर पोहोचल्यानंतरच.