१९०२ ची मोठी नोट की १९२९ ची छोटी: अमेरिकी राष्ट्रीय बँकांच्या नोटांचे मोल

अमेरिकेत १८६३ पासून १९३५ पर्यंत गावोगावच्या राष्ट्रीय बँका स्वतःच्या नावाच्या नोटा चलनात आणत. संग्राहकांसमोर बहुधा दोन पर्याय असतात: १९०२ च्या मालिकेतील मोठ्या आकाराची नोट किंवा १९२९ च्या मालिकेतील तपकिरी शिक्क्याची छोटी नोट. मोठी नोट देखणी असते, आणि तिच्यावर बँकेच्या अधिकाऱ्यांच्या शाईने केलेल्या सह्या आढळल्यास तिचे आकर्षण वाढते. छोट्या नोटेवर मात्र सह्या छापलेल्याच असतात.

तरीही, वय आणि आकार पाहून मोठीलाच जास्त किंमत द्यावी, हा समज मला चुकीचा वाटतो. न्यूयॉर्क किंवा शिकागोतील बड्या बँकेची १९०२ ची नोट मुबलक असू शकते, तर एखाद्या लहानशा गावातील बँकेची १९२९ ची नोट, जिच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत, त्या मोठ्या नोटेपेक्षा कितीतरी महाग ठरू शकते. म्हणून प्रथम नोटेवरील बँकेचा सनद क्रमांक, म्हणजे सरकारने परवाना देताना त्या बँकेला दिलेला क्रमांक, पाहावा आणि त्या बँकेच्या ज्ञात नोटांची नोंद तपासावी.

नोटेच्या स्थितीचा प्रश्न त्यानंतर येतो. मुबलक नोटेत स्थिती मोजणाऱ्या ७० गुणांच्या श्रेणीतील थोडा फरकही भाव पालटतो. दुर्मिळ बँकेच्या नोटेला मात्र घड्या आणि डाग बऱ्याच अंशी माफ असतात. अपवाद धुतलेल्या किंवा लपवून दुरुस्त केलेल्या नोटेचा, कारण तिथे दोन्ही मालिकांत खरेदीदार हात आखडता घेतात.