‘दोन्ही माद्याच आहेत’ म्हणून दिलेली जोडी

लहान मुलाला घेऊन प्राणी बघायला आलेला पालक विक्रेत्याला लांबूनच कळतो. मुलाने एकदा पिलाला कुरवाळले की सौदा पक्का. मग लिंग, वय, तब्येत, कशाहीबद्दल थाप मारली तरी खपते.

सर्वांत जास्त फसगत गिनीपिगच्या बाबतीत होते. प्राणी मुलांसाठी खरोखर चांगला: दिवसा जागा असतो, क्वचितच चावतो, ५ ते ८ वर्षे जगतो. त्याला एकटे ठेवू नये, म्हणून जोडी घ्या, हा विक्रेत्याचा सल्लाही योग्यच. गोम पुढे आहे. ‘दोन्ही माद्याच’ म्हणून दिलेल्या जोडीत एक नर निघतो. किंवा दोन्ही माद्याच असतात, पण एक आधीच गाभण, कारण दुकानात सगळी एकाच पिंजऱ्यात वाढलेली. नर ३ आठवड्यांचा आणि मादी ४ आठवड्यांची झाली की पिल्ले होऊ शकतात. तक्रार घेऊन गेलात तर उत्तर ठरलेले: ‘तुमच्याकडेच झालं असेल.’

इथे तारीख कामाला येते. गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. खरेदीपासून ५९ दिवसांच्या आत मादी व्याली, तर ती दुकानातूनच गाभण आली. म्हणून बिलावर तारीख, लिंग आणि अंदाजे वय लिहून घ्या. लिहून द्यायला का-कू करणाऱ्याकडून प्राणी घेऊच नका.

लिंग तिथेच तपासा. विक्रेत्याला पिलू पोट वर करून धरायला सांगा. मादीला इंग्रजी वाय अक्षरासारखी चीर दिसते. नराला गोल उंचवटा असतो आणि त्याच्या किंचित वर, पोटाच्या बाजूला, हलके दाबले की शिश्न बाहेर येते. लहान पिलाचे वृषण ठळक दिसत नाहीत, त्याचाच फायदा घेऊन नर मादी म्हणून खपवतात. मादी गाभण आहे का हे बघायला तिचे पोट मात्र दाबू नका.

दुसरी थाप स्वभावाची. ‘एकदम गरीब आहे, हलत पण नाही.’ निरोगी गिनीपिग अनोळखी हात आत आला की पळतो. कोपऱ्यात फुगून बसलेला, डोळ्यांत चिपडे, नाकाला पपडी, पुढच्या पायांची आतली लव चिकटलेली, असा प्राणी गरीब नसतो, आजारी असतो. नाकाभोवती किंवा डोळ्यांजवळ केस गेलेले खवलेदार चट्टे असतील तर गजकर्णाची शंका घ्या. ते मुलाला लागते. ‘केस बदलतोय’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर.

सोबत सशाचे खाद्यही गळ्यात मारतात. गिनीपिगचे शरीर क जीवनसत्त्व तयार करत नाही आणि सशाच्या खाद्यात ते घातलेले नसते. काही आठवड्यांत तो लंगडायला लागतो. फिरते चाकही घेऊ नका, त्याच्या पाठीला इजा होते.

हॅमस्टरची गोष्ट सोपी: दुपारी दाखवतात तेव्हा तो झोपलेला असतो, म्हणून शांत वाटतो. झोपेतून उठवला की चावतो. सहा वर्षांखालच्या मुलासाठी तो नकोच. ‘एवढाच राहतो’ म्हणून दिलेला ससा बहुतेकदा बटू (खुज्या) जातीचा नसतो, चार-पाच आठवड्यांचे पिलू असते; आठ आठवड्यांआधी आईपासून तोडले की जुलाबाने दगावू शकते. नाण्याएवढे लाल कानांचे कासव वाढून २५-३० सेंटिमीटरचे होते. त्याच्यापासून साल्मोनेला या जुलाब करणाऱ्या जिवाणूची लागण होऊ शकते, म्हणून पाच वर्षांखालचे मूल असलेल्या घरात ते आणूच नये.

गाभण गिनीपिग घरी आलीच असेल, तर नर लगेच वेगळा करा, कारण व्यायल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहते. नराची नसबंदी केली तरी सहा आठवडे त्याला तिच्यापासून लांब ठेवावे लागते. मादी सात-आठ महिन्यांहून मोठी असून पहिलटकरीण असेल, तर पशुवैद्याला आधीच दाखवा. ओटीपोटाची हाडे घट्ट झालेली असली की पिल्लू अडकते. आणि जन्मलेले नर तीन आठवड्यांचे होताच आईपासून आणि बहिणींपासून वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा.